बोलक्याने लपवलेला एक जण

खालच्या मजल्यावरच्या काकूंनी अख्ख्या इमारतीत पसरवलं होतं, की वरच्या बाईंनी घरात माणसं कोंडून ठेवली आहेत.

पसरवलं म्हणजे साधंसुधं नाही. जिन्यात सांगितलं, लिफ्टमध्ये सांगितलं, कचरा टाकायला गेल्या तिथेही सांगितलं, आणि दर वेळी हात छातीवर ठेवून, डोळे बटाट्याएवढे करून सांगितलं. "अहो, एकटी राहते ती! एकटी! आणि घरात तीन-तीन जण बोलतात! एक जाडा बाप्या आहे, तो म्हणतो, 'मीऽऽ झोपतो, मला उठवू नका.' एक बाई रडते, 'माझा नंबर कधी लागणार हो?' आणि एक कोण तो मेला धापा टाकत येतो, 'उघडा, उघडा, आलं, अजून आलं!' माझ्या तर पायातलं बळच गेलं."

"कान लावून ऐकलंत का?" तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी विचारलं.

"कान कशाला लावायला लागतो! येतंच की ऐकू. मी आपली स्टुलावर चढले होते, छताची जळमटं काढायला."

आता जळमटं काढायला कोणी हातात रिकामा पेला घेऊन चढत नाही आणि तो छताला उपडा लावून धरत नाही, पण ते जाऊ दे.

तर, कोंडलेलं कोणीही नाही. वरच्या बाई म्हणजे हे लिहिणारीची सख्खी मावशी, आणि सुट्टी लागली की भाची तिच्याकडेच मुक्काम ठोकून असते, त्यामुळे ती तिन्ही माणसं भाचीच्या चांगल्या ओळखीची. जाडा बाप्या म्हणजे कॉम्प्युटरची डिस्क. रडणारी बाई म्हणजे त्याचा पडदा, स्क्रीन. धापा टाकणारा मेला म्हणजे नेटवर्क. तिघांचेही आवाज मावशीच काढते, आणि कामासाठी काढते. नकला करण्याची खोड या घराण्यात रक्तातच आहे. फरक एवढाच, की भाचीला त्यासाठी वर्गाबाहेर उभं करतात आणि मावशीला पगार देतात.

मावशीचं काम सांगितलं की बहुतेकांचा चेहरा बंद दुकानासारखा होतो. म्हणून तिच्याच शब्दांत सांगते.

"प्रत्येक कॉम्प्युटरच्या पोटात एक कारभारी असतो, कर्नल. कोणी आधी चालायचं, कोणी थांबायचं, डिस्कपाशी कोणी जायचं, सगळं तो ठरवतो. दोघांनी एकदम एकाच ठिकाणी हात घालू नये म्हणून त्याच्याकडे कुलपं असतात. ज्याला कुलूप मिळालं तो आत, बाकीचे दारात. आता या कारभाऱ्याला सांगता येतं, की बाबा, जे जे करशील ते बोलून दाखव. त्याला म्हणायचं ट्रेस. तो बोलतो गं, खरंच बोलतो. पण कसा? अख्ख्या इमारतीने एकाच वेळी जिन्यात तोंड उघडावं तसा. आणि नावं नाहीत, नुसते आकडे! अमक्या आकड्याने तमक्या आकड्याला उठवलं. एका क्षणात हजारो ओळी. माणूस वाचणार कसा?"

माणसाला वाचता यावं म्हणून मावशीने ऑफिसात एक प्रोग्राम लिहिला होता. त्याचं नाव तिने ठेवलं बोलका. बोलका त्या ओळींचा चिखल घ्यायचा आणि स्वच्छ धुऊन द्यायचा. प्रत्येकाला वेगळा रकाना. आकड्यांच्या जागी नावं. तेच तेच आलं, की 'वरीलप्रमाणे, पुष्कळदा' असं म्हणून मोकळा. जिथे कोणी अडकलंय तिथे लाल रंग, आणि शेवटी एक सरळ वाक्य: अमका थांबला, कारण कुलूप तमक्याकडे. नाटकाची संहिताच म्हणा ना. आणि ती बरोबर उतरलीय की नाही हे बघायला मावशी घरी ती मोठ्याने वाचायची, ज्याचे त्याचे आवाज काढून. कानाला खटकलं, की लिहिण्यात खोट आहे, असा तिचा हिशेब.

ऑफिसात मात्र शब्द नाही. तिथे मावशी 'हो', 'नाही' आणि 'पाठवलंय' या तीन शब्दांवर वर्षं काढत आली होती.

तिची कंपनी दवाखान्यांसाठी मशिनी बनवते. रुग्णाच्या उशाशी तो पडदा असतो ना, ज्यावर हृदयाची हिरवी रेघ डोंगर काढत पळते, तो. ऑफिसच्या मागच्या बाजूला एक लांबट खोली आहे. तिथे अशा मशिनी ओळीने मांडून ठेवलेल्या, रुग्ण कोणी नाही, खोटी हृदयं लावलेली, आणि सगळ्या दिवसरात्र चालू. सगळ्यांवर बोलकाही चालू, कारण तो सगळ्यांना इतका आवडला होता, की बंद कोण करणार?

आणि एके दिवशी त्या खोलीत ती रेघ थांबली.

सपाट झाली नाही. थांबली. डोंगर चढता चढता अर्ध्यावर गोठली, चहाचा एक घोट होईल इतका वेळ तशीच राहिली, आणि मग टुणकन पुढे उडी मारून धावायला लागली. बघणाऱ्यांच्याच छातीत धस्स झालं. मग दुसऱ्या मशीनवर तेच. मग तिसऱ्या.

त्याच आठवड्यात डिस्क हाकणारा नवा ड्रायव्हर मशिनींवर चढवला होता. ड्रायव्हर म्हणजे प्रोग्रामच, माणूस नव्हे. तो लिहिला होता दाढीने. दाढी हा मात्र माणूस, मावशीच्या पलीकडच्या टेबलावरचा. बोलायला तोंड उघडलं की पहिले तीन शब्द "म्हणजे बघ ना", आणि दाढी इतकी, की ते तोंडातूनच येतात यावर विश्वास ठेवावा लागतो. नोकरीला नवा, अजून कायम झालेला नाही. बायकोला दिवस गेलेले. त्याच आठवड्यात मावशीच्या बोलक्याचीही नवी आवृत्ती चढली होती, पण तिकडे कोणाचं लक्ष जाणार? बोलका कुठे काय करतो? तो नुसता बघतो.

साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. साहेबांचं खरं नाव काहीही असो, ऑफिसात ते 'बरं तर' आहेत. प्रत्येक वाक्य त्याच दारातून बाहेर पडतं. त्यांनी बोलक्याचं पान पडद्यावर लावलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला, जसा पहिल्यांदाच चष्मा लागलेल्या माणसाचा उजळतो.

"बरं तर! इथे स्वच्छ लिहिलंय. 'पडदा डिस्कसाठी थांबला. डिस्क कुलपासाठी थांबली. कुलूप डिस्ककडेच आहे.' म्हणजे डिस्कच दाराला कुलूप लावून आत बसली आणि किल्ली शोधत बसली! मला, मला कळतंय, म्हणजे कोणालाही कळेल."

"म्हणजे बघा ना," दाढी उठला, "मी कुलूप सोडतोय. कोडमध्ये आहे, दाखवतो."

"बरं तर, तुम्ही सोडताय, मग हे खोटं बोलतंय का?"

सगळ्या माना मावशीकडे वळल्या. मावशीने या वेळी तीनपेक्षा जास्त शब्द खर्च केले.

"बोलका जे दिसतं तेच सांगतो," ती म्हणाली.

झालं. सोमवारी दाढीचा ड्रायव्हर उतरवायचा, जुना चढवायचा, आणि दाढीला या कामावरून मोकळं करायचं, असं ठरलं. मोकळं म्हणजे कुठे, हे कोणी विचारलं नाही, कारण ते सगळ्यांना कळलं होतं. दाढी जिन्यात मावशीला भेटला. भांडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "म्हणजे बघ ना, तुझं वाचून मलाच माझा संशय यायला लागलाय. इतकं छान लिहिलंय."

हे वाक्य मावशीने घरी येऊन जसंच्या तसं, दाढीच्याच आवाजात सांगितलं. भाची हसली. मावशी हसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे शनिवारी, पैज लागली. मावशी टेबलावर तेच पान पसरून वाचत होती. डिस्क घोरत होती, नेटवर्क धापा टाकत होतं, आणि खाली काकूंच्या स्टुलाचा पाय कुरकुरल्याचं भाचीच्या कानांनी बरोबर टिपलं होतं.

"ऑफिसात वाच ना असं!" भाची म्हणाली.

"वेड लागलंय का तुला? तिथे मी बोलत नाही. तिथे बोलका बोलतो."

"घाबरतेस."

"घाबरते तर घाबरते."

"जन्मात वाचणार नाहीस तू त्यांच्यापुढे. लाव पैज!"

मावशीने पेन खाली ठेवलं. "हरलीस तर एक अख्खा दिवस कोणाचीही नक्कल नाही. भुवईसुद्धा उडवायची नाही. आणि त्या दिवशी जे ऐकशील ते नंतरही कधी काढून दाखवायचं नाही. बोलून नाही, लिहून नाही."

"आणि तू हरलीस तर काकूंच्या दारात जाऊन डिस्कच्या आवाजात साखर मागायची."

हातावर हात पडला. भाची तेव्हाच जिंकल्यासारखी नाचली, कारण मावशीला ती ओळखून होती. निदान तसं तिला वाटत होतं.

रविवारी दुपारी मावशीने ते पान परत काढलं. या वेळी धुतलेलं नाही, मूळ चिखल. जिथे बोलक्याने 'वरीलप्रमाणे, पुष्कळदा' म्हणून ओळी गुंडाळल्या होत्या, तिथली एकेक घडी उलगडत ती वाचायला लागली.

"कुलूप द्या," जाडा बाप्या म्हणाला. "मिळालं. लिहितोय. झालं. हेऽऽ घ्या, सोडलं." मग रडवी बाई. मग धापा. मग पुन्हा जाडा बाप्या: "कुलूप द्या. अहो, कुलूप कोणाकडे आहे?"

मावशी थबकली. मागे गेली. पुन्हा वाचलं. "हेऽऽ घ्या, सोडलं." आणि मग, "कोणाकडे आहे?"

"हा खोटं बोलत नाहीये," ती तिच्या साध्या आवाजात म्हणाली. "ऐकलंस ना तू? सोडलं म्हणून सांगतोय. मग घेतलं कोणी?"

"दुसऱ्या कोणीतरी," भाची सोफ्यावरून म्हणाली. ती तेव्हा आरशात बघून 'बरं तर'ची मान जमवत होती.

"दुसरं कोणी बोलतच नाहीये. घेणारा 'मिळालं' म्हणतो गं. म्हणावंच लागतं."

आणि मग मावशीने पान असं झटकन टेबलावर टाकलं, की भाचीने आरसा खाली ठेवला. मावशीचा चेहरा पांढराफटक. तिला आठवलं होतं, की एक जण असा आहे जो बोलत नाही, कारण त्याला बोलायचं नाही म्हणून सांगितलंय. आणि सांगणारी ती स्वतः.

हे असं आहे. ट्रेस लिहिणारा प्रोग्रामही त्याच मशीनवर चालतो. तो स्वतःलाच बघायला लागला, तर 'मी लिहिलं' असं लिहील, मग 'मी लिहिलं हे मी लिहिलं' असं लिहील, आणि त्यातच बुडून मरेल. म्हणून या धंद्यात प्रत्येक जण पहिल्याच दिवशी एक ओळ घालतो: स्वतःला वगळ. मावशीनेही घातली होती. शहाणपणाची ओळ. कोणी तिच्याकडे परत बघतसुद्धा नाही.

मावशीने घरूनच, लॅपटॉपवरून, त्या लांबट खोलीतलं एक मशीन गाठलं. ती ओळ काढली. बाकी सगळं गाळून फक्त कुलपाच्या ओळी मागवल्या. पडद्यावर डिस्कचा रकाना आला, नेटवर्कचा आला, पडद्याचा आला, आणि त्यांच्या शेजारी, कधीच नव्हता असा, चौथा रकाना उगवला. उगवला कसला, फुटला! वरपासून खालपर्यंत ठासून भरलेला. मिळालं, मिळालं, मिळालं, मिळालं. आणि वर नाव: बोलका.

"अगं आई गं," मावशी म्हणाली. आवाज कोणाचाच नव्हता, तिचा स्वतःचाही नव्हता.

नव्या आवृत्तीत तिनेच कौतुकाने एक सोय केली होती. आधी बोलका नावं अर्धीमुर्धी दाखवायचा. आता प्रत्येक आकड्याचं पूर्ण नाव दाखवायचा, आणि त्यासाठी दर वेळी कारभाऱ्याच्या दारात जाऊन विचारायचा, हा कोण, तो कोण, हा परत आला तो कोण. विचारण्यापुरतं कुलूप घ्यायचा. नेमकं तेच कुलूप डिस्कलाही लागायचं. सगळ्यांची नावं नीट वाचता यावीत म्हणून तो सगळ्यांना दारात उभं करत होता, आणि जगाला सांगत होता, की डिस्क अडली बघा!

"पण मग," भाचीने विचारलं, "त्याने डिस्कचं नाव का घेतलं? माहीत नाही म्हणायचं ना!"

मावशी कोडमध्ये खाली खाली गेली, आणि एका जागी बोट टेकवून बसली. तिथे तिनेच लिहून ठेवलं होतं: कुलूप कोणाकडे हे दिसलं नाही, तर ज्याच्याकडे शेवटी दिसलं होतं त्याचं नाव घाल. का? तर वाक्य अर्धवट दिसू नये म्हणून. वाचायला बरं वाटावं म्हणून.

भाचीला एकदम हायसं वाटलं. "मग सोपंय की! गुपचूप दुरुस्त कर. उद्या रेघ चालेल, कोणाला कळायचं कारणच नाही."

मावशीने तिच्याकडे असं बघितलं, की भाचीच्या तोंडचं पाणी पळालं.

"उद्या सकाळी दाढीचा ड्रायव्हर उतरवणार आहेत. उद्याच मी बोलका दुरुस्त केला, तर रेघ चालणारच. आणि सगळे काय म्हणतील? बघा, दाढी गेला आणि मशीन बरं झालं. त्याच्या कपाळावरचं ते मग कोणालाच पुसता येणार नाही. मलाही नाही."

सोमवारी काय झालं ते मावशीने थोडक्यात सांगितलं, आणि नंतर घरी आलेल्या दाढीने तपशीलवार, हातवारे करून. दोन्ही मिळून असं झालं.

मावशीने नवं पान साहेबांपुढे ठेवलं. चार रकाने, कुलपाच्या ओळी, सगळं न धुतलेलं. साहेबांनी ते आडवं धरलं, उभं धरलं, दूर धरलं.

"बरं तर, हे मला वाचता येत नाही. त्या दिवशीचं चांगलं होतं."

"त्या दिवशीचं चूक होतं, साहेब."

"पण ते कळत होतं!"

दाढी सांगतो, त्या क्षणी त्याने मनातल्या मनात टेबलाचे खण आवरायला घेतले होते. चूक पान सगळ्यांना कळत होतं, आणि बरोबर पान कोणालाच कळत नव्हतं. खोलीत एक जण घड्याळ बघत होता, दुसऱ्याने लॅपटॉप मिटलाही होता.

मावशी उभी राहिली. पान हातात घेतलं. आणि त्या खोलीत, जिथे तिचा खोकलासुद्धा कोणी ऐकला नव्हता, तिथे एक जाडा बाप्या बोलला.

"कुलूपऽऽ द्या. मिळालं. लिहितोय. हेऽऽ घ्या, सोडलं."

लॅपटॉप मिटणाऱ्याने मागे वळून दाराकडे बघितलं. त्याला वाटलं, कोणीतरी आत आलं.

"अहो, माझा नंबर कधी लागणार हो?" रडवी बाई म्हणाली. "रेघ अर्धीच राहिलीय माझी!"

"आलं, उघडा, अजून आलं!" नेटवर्क धापा टाकत म्हणालं.

"कुलूप द्या," जाडा बाप्या परत आला. "अहो, कुलूप कोणाकडे आहे? मी तर सोडलं. तुम्ही सगळ्यांनी ऐकलंत ना? मी सोडलं!"

आणि मावशी गप्प झाली. तोंड मिटलं आणि उभीच राहिली. एक श्वास. दोन. रेघ जितका वेळ गोठायची तितका वेळ ती थांबली. मग ती बोलली, आवाज न काढता, स्वतःच्याच साध्या, बारीक गळ्याने.

"माझ्याकडे. मी बोलका. मी तुमच्या सगळ्यांची नावं विचारत बसले होते. आणि मी इथे होते हे मीच लपवलं होतं."

साहेबांच्या हातातलं पेन टेबलावरून घरंगळत गेलं, खाली पडलं, आणि कोणी वाकलं नाही. ते म्हणाले, "बरं..."

'तर' आलाच नाही. ऑफिसच्या इतिहासात पहिल्यांदा!

मग सगळे उठून मागच्या लांबट खोलीत गेले. दाढीचा नवा ड्रायव्हर अजून उतरवलेला नव्हता. मावशीने एकेका मशीनवरचा बोलका बंद केला आणि हाताची घडी घालून उभी राहिली. चहाची वेळ झाली, टळली. हिरवी रेघ डोंगर चढली, उतरली, चढली, उतरली. एकही मशीन अडलं नाही. दाढी भिंतीला टेकला आणि हळूहळू घसरत जमिनीवर बसला. "म्हणजे बघ ना," तो म्हणाला.

दाढी कामावर राहिला. बोलकाही राहिला, पण आता त्याचा स्वतःचा रकाना कडेला असतो, आणि जिथे त्याला दिसत नाही तिथे तो 'माहीत नाही' असं लिहितो. साहेबांना ते दोन शब्द अजिबात आवडत नाहीत. मावशी ते काढत नाही.

राहिली पैज. भाचीने खूप वाद घातला. तो अपवाद होता, नाइलाज होता, शेवटचा आवाज तर स्वतःचाच होता. मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि साखरेचा डबा फडताळात मागे सरकवून ठेवला. नक्कलबंदीला बुधवार ठरला.

आणि बुधवारीच, नेमक्या बुधवारीच, काकू वर आल्या. इमारतीच्या वतीने चौकशी करायला आल्या होत्या. येताना तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना साक्षीला आणलं होतं. बसल्या, चहा घेतला, कान टवकारून आतल्या खोलीकडे बघितलं, आणि मग हात छातीवर ठेवून बोलायला लागल्या. अर्धा तास. भाची समोर बसली होती, तोंडात अख्खं बिस्किट कोंबून, दोन्ही भुवया बोटांनी दाबून. आणि काकूंचा कप ओठापर्यंत गेला असताना मावशीने साखर पुढे केली आणि डिस्कच्या आवाजात विचारलं, अजून हवी का.

त्यावर काकू काय म्हणाल्या, आजोबा काय म्हणाले आणि कपाचं काय झालं, हे भाचीला पाठ आहे, सुरासकट. पण ते इथे लिहिता येत नाही. तो बुधवार होता.